खिडकीतल्या बाटल्या

टेलिफोनबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पहिली बाटली आली ती वाटलेल्या मोहरीची. त्याआधी कित्येक वर्षं त्या खिडकीत भांड्यांचा साबण आणि एक मरतुकडी कुंडी, एवढंच असायचं. बाई गेल्या होत्या तांदूळ आणायला. तांदूळ घेतले, बटाटे घेतले, आणि रांगेत उभ्या असताना शेजारच्या फळीवरच्या पिवळ्या बाटलीकडे हात गेला. कुणी बघत तर नाही ना, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. नवरा जाऊन काही महिने झालेले, मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि या वयात एक बाटली उचलायला चोरासारखं इकडेतिकडे बघायचं? त्यांनी बाटली घेतली आणि पिशवीत तांदळाच्या वर, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी ठेवली.

घरी येऊन बटाटा उकडला, मीठ लावलं आणि वर चमचाभर मोहरी थापली. पहिल्या घासाला काही झालं नाही. दुसऱ्याला मोहरी जी नाकात चढली ती थेट कपाळापर्यंत. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक वाहायला लागलेलं, आणि बाई एकट्याच टेबलावर थाप मारून हसतायत. नवरा गेल्यापासून त्या घरात कुणी एवढ्या मोठ्यानं हसलं नव्हतं. शेजारीण खिडकीतून डोकावून गेली.

त्यांना टेलिफोनबाई म्हणायचे कारण नोकरीचा सगळा काळ त्यांनी टेलिफोनच्या कार्यालयात काढला होता. डोक्यावर यंत्र, समोर भोकांची पाटी, हातात वायर. याचं त्याला, त्याचं याला जोडून द्यायचं. कार्यालय बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, पण गल्लीनं नाव काही सोडलं नाही.

मोहरीपाठोपाठ मग एकेक जण येऊ लागला. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरच्या आल्या. तेलात मंद तळलेल्या लसणाची बरणी आली, ती मात्र त्यांनी घरीच केली आणि पहिल्या खेपेला जाळली. मिऱ्यांची चक्की आली. सोया सॉस आला, तो त्यांनी आधी नुसता चाटून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मग भातावर चार थेंब घातले तेव्हा त्यांचा त्याच्याशी समेट झाला. लिंबं तर टोपलीभर. सकाळच्या अंड्यावर मिरची-व्हिनेगर, कोबीवर लसणाचं तेल, माशावर लिंबू आणि मिरी. आणि मोहरी? मोहरी कशावरही. पावावर, बटाट्यावर, सुपात ढवळून, काकडीच्या फोडीवर. बाईंचं मत असं झालं की मोहरी ही घरातली अशी बाई आहे जिला कुठेही पाठवा, काम करून येते.

काही लोक असतात, त्यांना ताटात वरून काही घेतलं की ते अपमान मानतात. चांगल्या जेवणाला वरून कशाची गरज नसते म्हणे! अशांनी रोजच्या रोज, एकट्यानं, कालच्याच कोबीसमोर बसून दाखवावं. मग कळेल की बाटलीतले चार थेंब म्हणजे जिभेचे चोचले नव्हेत. आज आणि काल यांत काही फरक आहे, एवढंच त्या थेंबांना सांगायचं असतं. बाईंनी हे कुणाला समजावायचा प्रयत्न केला नाही. त्या फक्त खात सुटल्या.

या घरात पूर्वी यातलं काही नव्हतं, त्याला कारण घडलं होतं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा नवऱ्याच्या पोटात अल्सर झाला. नवरा चष्मेवाला, भागीदारीत दुकान, लोकांना खुर्चीत बसवायचं, डोळ्यांसमोर काचा बदलायच्या आणि विचारायचं, "हे बरं की ते बरं?" डॉक्टरांनी सांगितलं, पथ्य. तिखट नाही, आंबट नाही, मीठसुद्धा जपून. बाईंनी त्याच संध्याकाळी घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या बरण्या शेजारणीला देऊन टाकल्या. तो सपक खाणार आणि आपण त्याच्यासमोर बसून चुरचुरीत खाणार? ते त्यांच्यानं झालं नसतं. त्याही तेच खाऊ लागल्या. एकदा जेवताना त्यानं विचारलं, "तुला चालतं का गं असलं?" आजारी माणसाला काय सांगायचं? बाई म्हणाल्या, "मला मुळात साधंच आवडतं."

अल्सर बरा झाला. पण त्यानं कधी तिखट मागितलं नाही, म्हणून बाईंनी केलं नाही. याला आता हेच गोड लागतंय, असं त्या धरून चालल्या. मुलगा झाला, तोही त्याच सपक भातावर वाढला. दुकानात रोज डबा जायचा आणि संध्याकाळी धुतलेला, पुसलेला, लख्ख परत यायचा. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, "बघा चष्मेवाले कसे डबा स्वतः धुऊन आणतात!" बाईंना त्या डब्याचा फार अभिमान होता.

मुलगा पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. रंग नाही, वास नाही, चव नाही असं पाणी लोकांच्या घरी पोचवणं हे त्याचं काम, आणि खरं सांगायचं तर जगातली प्रत्येक गोष्ट तशीच असावी असं त्याला वाटायचं. वाईट नव्हता तो. वडील गेल्यापासून दर आठवड्याला यायचा, नळ तपासायचा, औषधं मोजायचा. वडील गेले तेव्हा चष्मेवाल्यांच्या संघटनेच्या सभेत तो बोलायला उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "बाबा साधे होते. साधं बोलायचे, साधं खायचे." लोकांनी डोळे पुसले होते. ते वाक्य त्याला स्वतःलाही इतकं आवडलं होतं की तेव्हापासून तो ते जपून वापरत होता.

त्यानं खिडकीतली ओळ पाहिली आणि चपला काढायच्या आधीच थांबला.

"आई, हे काय मांडलंयस?"

"बाटल्या."

"दिसतंय मला. कशाला?"

"खायला. तू बस, अंडं करते. मिरचीचं व्हिनेगर घालून बघ एकदा."

तो बसला नाही. त्यानं एकेक बाटली उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं, चष्मेवाल्याचा मुलगा असूनही डोळे बारीक करून. मीठ किती, कशात काय. मग बाटल्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या, तशी त्याला सवयच होती. "बाबांना हे बघवलं असतं का?" तो म्हणाला. "या घरात असल्या गोष्टींना कधी थारा नव्हता. बाबांना जाऊन किती दिवस झाले, आणि तू..."

"आणि मी काय?"

"काही नाही."

पण काही नाही असं नव्हतं. पुढच्या खेपेला त्याला शेजारणीशी जिन्यात कुजबुजताना बाईंनी ऐकलं. आई एकटीच हसते. आई एकटीच टेबल वाजवते. शेजारणीनं मीठमिरची लावून सांगितलं असणार, यात बाईंना शंका नव्हती. आणि त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं सरळ विषय काढला.

"तुझी खोली तयार केलीय आम्ही. हे घर सोडायचं. मी घरमालकाशी बोलून ठेवलंय, तू फक्त हो म्हण. स्वयंपाक तुझ्या सुनेकडे, तू आराम कर. आमच्याकडे अगदी बाबांच्या वेळेसारखं असतं जेवण. तुला बरं वाटेल."

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. मुलाच्या घरचं जेवण त्यांना ठाऊक होतं. पांढरा भात, पांढरा मासा, पांढरी ताटली. जेवायला बसलं की आधी चष्मा पुसावासा वाटे. सून समोर बसायची, मूग गिळून. नोकरी करून यायची, वाढायची, खायची, उठायची. तिच्या तोंडून त्या टेबलावर बाईंनी "अजून घ्या" यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

"मला एकटीला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या.

"तू स्वतःसारखी राहिली नाहीयेस, आई. हेच बघ ना." त्यानं खिडकीकडे हात केला. "उद्या आणखी काय करशील?"

म्हणजे पुरावा तोच. बाटल्या. बाई पडल्या नव्हत्या, विसरल्या नव्हत्या, गॅस उघडा टाकला नव्हता. त्यांना जेवण चवीनं लागायला लागलं होतं, आणि तेवढ्यावरून त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं ठरत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या. पण टेलिफोनच्या कार्यालयात त्या एक शिकल्या होत्या: समोरचा तापलेला असताना आपण वायर ओढायची नाही.

"रविवारी दोघं जेवायला या," त्या म्हणाल्या. "तेव्हा सांगते."

मधल्या दिवसांत दुकानातून निरोप आला. भागीदाराला मागच्या खोलीत काचा घासायचं नवं यंत्र बसवायचं होतं. वहिनींनी येऊन कपाट पाहून जावं, काही घ्यायचं असेल तर घ्यावं.

दुकान होतं तसंच होतं. भिंतीवर मोठ्या अक्षरापासून लहान होत गेलेला तक्ता, तपासणीची उंच खुर्ची, मखमलीच्या खाचांतून ओळीनं बसवलेल्या काचांची पेटी. बाई क्षणभर त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग मागच्या खोलीत गेल्या आणि कपाटाचा खालचा खण उघडला. जुन्या फ्रेमांचा एक खोका होता. तो पुढे ओढला तर मागे काहीतरी किणकिणलं.

"वहिनी, ते राहू द्या हो," भागीदार घाईनं म्हणाला. "तो कचरा आहे. मी टाकतो."

कचरा असा असतो का? लाल मिरचीच्या सॉसची बाटली, अर्धी. मोहरीची बरणी, तळ दिसेपर्यंत खरवडलेली. मिऱ्यांची डबी. लिंबू पिळायचा लाकडी चिमटा, वापरून वापरून काळा पडलेला. लाल बाटलीचं बूच गळू नये म्हणून त्याला चष्मे पुसायचं पिवळं मऊ कापड गुंडाळून गाठ मारलेली. ती गाठ कुणाची ते बाईंना सांगायला नको होतं. बुटाची नाडी असो की रद्दीचा गठ्ठा, तो माणूस तशीच गाठ मारायचा.

"हे कुणाचं, भाऊजी?" त्यांनी तरी विचारलं.

भागीदारानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दादांचं."

"सांगा."

"काय सांगू आता? डबा उघडला की आधी ही बाटली हातात. अगदी भातसुद्धा लाल करायचे. घाम यायचा, नाक पुसायचे आणि खायचे. मला म्हणायचे, आता लागतंय जेवल्यासारखं. मग डबा घासायचे, साबण लावून. घासून झाला की स्वतः वास घ्यायचे आणि मलाही घ्यायला लावायचे. 'येतोय का रे वास?' थोडा जरी आला तरी परत घासायचे."

"का?"

"तुमच्यासाठी." भागीदार खाली बघत म्हणाला. "तुम्हाला तिखटाचा वाससुद्धा सोसत नाही ना. म्हणायचे, तिला मुळात साधंच आवडतं, तिनं माझं एवढं पथ्य सांभाळलं, आता मी घरात तिच्या नाकाला कशाला त्रास देऊ?"

बाईंनी बाटली कापडासकट पिशवीत टाकली आणि घरी आल्या. वाटेत दोघा-तिघांनी नमस्कार केला, त्यांनी कुणाला ओळख दाखवली नाही.

घरात शिरल्या, दार लावलं आणि नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. भर दुपार. शेजारीण ऐकत असेल तर खुशाल ऐकू दे.

"अहो, तोंड नव्हतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "सगळ्या दुनियेला विचारत होता, हे बरं की ते बरं! म्हाताऱ्यांना विचारलंत, पोरांना विचारलंत. काच बदलून परत विचारलंत, आणि आता? आणि आता? मला एकदा विचारलंत. एकदा! तेही स्वतः आजारी असताना. आणि तोच नंबर लावून जन्मभर बसलात! माणसाचा नंबर बदलतो, हे मी सांगायचं तुम्हाला?"

खुर्ची काही बोलली नाही. चष्मेवालेही भांडणात असंच करायचे.

"आणि मी तो डबा मिरवला! सगळ्या गल्लीत मिरवला!" आता त्यांना रडू फुटलं. ते दुःखाचं होतं, पण त्यात राग जास्त होता, आणि रागाच्या तळाशी आणखी एक होतं, जे त्यांना कबूल करायलाच लागलं: खोटं पहिल्यांदा त्या स्वतः बोलल्या होत्या. त्यानं फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. समोरासमोर बसून दोघांनी इतकी वर्षं एकमेकांच्या नावानं अळणी गिळलं होतं. किती बटाटे वाया गेले! बाईंना एकदम त्या सगळ्या बटाट्यांचंच वाईट वाटलं.

मग त्यांनी तोंड धुतलं आणि लाल बाटलीकडे बघितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रविवारची काळजी मिटली आहे. मुलासमोर ही बाटली ठेवायची. भागीदाराला साक्षीला आणायचीही गरज नाही. ही गाठ मुलगासुद्धा ओळखेल. बाबांना काय चाललं असतं? हे बघ, बाबांना काय चालायचं. संपलं. जन्मात परत तो खिडकीकडे बोट दाखवणार नाही. त्या रात्री बाई निवांत झोपल्या.

रविवारी त्यांनी मुद्दाम काहीच रांधलं नाही म्हणायचं, इतकं साधं रांधलं. उकडलेले बटाटे, भात, वाफवलेला मासा, कोबी. कशातही मीठ नाही. आणि टेबलाच्या मधोमध, खिडकीतली सगळी ओळ आणून मांडली. उंचीप्रमाणे नाही. हाताला येईल तशी. लाल बाटली मात्र त्यांच्या एप्रनच्या खिशात होती.

मुलगा आणि सून वेळेवर आले. मुलानं टेबल पाहिलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. सुनेनं ताटं मांडायला मदत केली. वाढून झालं. बाईंनी बटाट्यावर मीठ भुरभुरलं, मोहरी घेतली, माशावर लिंबू पिळलं, चक्की फिरवली. त्या चक्कीचा आवाज त्या शांत खोलीत फारच मोठा वाटला. मुलगा आपला अळणी भात चावत होता, एखादं व्रत पाळावं तसा.

"मग काय ठरवलंस?" शेवटी तो म्हणाला.

"मी इथेच राहणार."

"आई, हट्ट करू नकोस."

"हट्टच आहे. करणार."

"या बाटल्यांसाठी?"

"बाटल्यांसाठी म्हण हवं तर."

मुलानं चमचा खाली ठेवला. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि बाईंना ते जास्त जड गेलं. "तुला कळत नाहीये, आई. मला मिठाची काळजी नाही. तुझं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण बाबा या टेबलावर बसायचे. याच खुर्चीत. त्यांनी आयुष्यभर जे जपलं ते तू असं... मी इथे आलो की मला वाटतं ते या घरात कधी नव्हतेच. मला त्यांचं घर राहिलेलं बघायचंय गं."

बाईंचा हात खिशात गेला. कापडाची गाठ बोटांना लागली. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याच्या बापाला त्याच्याइतकं साधं समजणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. आता काढावी. बिचाऱ्यालाही कळू दे.

"बाबांना यातलं काही जरी आवडत असतं ना," मुलगा म्हणाला, "त्यांनी एकदा जरी मागितलं असतं, तरी मी स्वतः आणून ठेवल्या असत्या या बाटल्या. रोज भरून ठेवल्या असत्या. मला काही म्हणायचंच नव्हतं मग."

बाईंची बोटं जिथल्या तिथे थांबली.

हेच ते. त्यांना हे जितकं लख्ख दिसलं तितकं नवऱ्याच्या सगळ्या काचांतूनही कधी दिसलं नसतं. बाबांना आवडत असेल तर चालेल. म्हणजे आता खिशातून बाटली काढली की त्या जिंकणार, आणि उद्यापासून खिडकीतल्या बाटल्या बाबांच्या होणार. बाबांची मोहरी, बाबांचं व्हिनेगर. मुलगा त्यांच्यावर धूळ बसू देणार नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवेल. आणि त्या? त्या पूर्वी बाबांसाठी सपक खायच्या, आता बाबांसाठी झणझणीत खातील. टेलिफोनबाईंचं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात गेलं होतं. निदान आपल्या ताटापुरतं तरी त्यांना स्वतःचं बोलायचं होतं.

त्यांनी हात बाहेर काढला. रिकामा.

"बाबांना काय आवडायचं ते राहू दे," त्या म्हणाल्या. "मला आवडतं."

"पण आई..."

"पण नाही. मला आवडतं. मला लागतं. रोज लागतं. याच्यापुढे तुला आणखी कारण हवं असेल तर माझ्याकडे नाही, आणि असलं तरी मी देणार नाही. तुझे बाबा चांगले होते. त्यांना मी कुणापेक्षाही जास्त ओळखते, आणि मीसुद्धा अर्धेच ओळखत होते, तर तू कुठून ओळखणार? त्यांच्या नावानं मला जेवण वाढू नकोस. ताट माझं आहे, जीभ माझी आहे. घरमालकाला मी उद्याच सांगून येते की तुझा गैरसमज झाला होता. आता बटाटे गार होतायत, जेव."

आई मुलाशी कधी इतकं बोललीच नव्हती. त्याला राग आला होता की नाही हे त्याचं त्यालाही ठरवता येत नसावं. त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून आवाज आला. आवाज इतका हळू होता की आधी कुणाचा तेच कळलं नाही.

"आई, ती मिरचीची बाटली जरा इकडे देता?"

सून ताटाकडे बघत होती. तिचा हात पुढे आला होता. मुलानं तिच्याकडे वळून पाहिलं, जणू नळानं तोंड उघडून बोलावं.

"तुला हे आवडतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुझ्याशी लग्न झालं त्याच्या आधीपासून."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"तू म्हणालास, आमच्या घरात साधंच लागतं. मी म्हटलं, मला चालेल." ती थांबली. मग पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली, "बँकेत डेस्कच्या ड्रॉवरमध्ये ठेवते मी एक बाटली. डबा तिथेच धुऊन आणते."

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. त्या उठल्या. मिरचीची बाटली त्यांनी सुनेला नुसती दिली नाही. टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन बसल्या, नवऱ्याच्याच खुर्चीत, आणि मधल्या साऱ्या बाटल्या ओढून तिच्यापुढे केल्या.

"हे घे. बटाट्याच्या या फोडीवर मोहरी, त्या फोडीवर व्हिनेगर. खा. हं, आता सांग. हे बरं की ते बरं?"

सुनेनं दोन्ही खाल्लं. तिचं नाक लाल झालं. "हे," ती म्हणाली, आणि लगेच, "थांबा, ते."

"घाई नाही. आता लसूण बघ. आणि आता?"

"हे जास्त."

"आणि आता?"

सून हसायला लागली. डोळ्यांतलं पाणी पुसत, तोंडानं हवा ओढत हसत होती. बाईंनी खिशात हात घातला, खिशातल्या खिशात गाठ सोडवली, कापड तिथेच राहू दिलं आणि लाल बाटली ओळीच्या शेवटी ठेवली. तिचा अर्धा भाग रिकामा होता आणि लेबल तेलकट बोटांनी पुसून गेलं होतं. सुनेनं त्यातले चार थेंब भातावर घातले, चाखले, आणि लगेच आणखी घातले.

मुलगा ती बाटली बघत होता. "ही जुनी दिसते," तो म्हणाला. "कुणाची आहे?"

"माझी," बाई म्हणाल्या आणि बाटली उचलून त्याच्या ताटाजवळ ठेवली. "तुला हवी असेल तर माग."

त्यानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग घसा खाकरून, लहानपणी जादा भात मागायचा तसा, तो म्हणाला, "दे."

"किती?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. "तू घाल. मी सांगतो."